बर्नरचा डोळा आणि मारोतीची बॅटरी

आमच्या धंद्यात दोन गोष्टी साचत जातात. बर्नरच्या तोंडावर काजळी आणि डोक्यात किस्से! काजळी निदान घासून निघते. किस्से घरी सांगायला बसलो की बायको म्हणते, "त्या भट्ट्यांच्या गोष्टी जेवताना नको." म्हणून तुम्हाला धरलंय. चहा सांगितलाय, बसा आता.

आधी धंदा सांगतो, कारण यवतमाळात लोक मला अजून शेगडी रिपेरवाला समजतात. परवाच शेजारच्या वहिनी शेगडीचं बटन रुमालात बांधून घेऊन आल्या. "भाऊजी, तुमचं हेच काम ना?" म्हटलं, हो, हेच, फक्त जरा मोठं.

कारखान्यात बॉयलर असतो, ओव्हन असतो, ड्रायर असतो. त्याच्या पोटात ज्योत सोडतो तो बर्नर. पंखा हवा ढकलतो, पंप डिझेल सोडतो, मधे ठिणगी पडते, पेटतं. आता समजा पेटलंच नाही आणि डिझेल येतच राहिलं, तर आत तळं साचतं. मग कुठून तरी एक ठिणगी पडते आणि पुढचं सांगायला माणूस शिल्लक राहत नाही. म्हणून बर्नरला एक डोळा बसवलेला असतो, अंगठ्याएवढा. तो एका काचेतून ज्योतीकडे पाहत बसतो. ज्योत दिसेनाशी झाली की काही सेकंदात तेल बंद आणि लाल दिवा चालू. याला म्हणायचं लॉकआउट. हे सगळं बरोबर चालतं की नाही ते तपासून कागदावर सही करायची, हे माझं काम.

सही माझी, हात मात्र हनीफचाचांचे. चाचा साठीच्या पुढचे, दाढी पांढरी आणि डावी भुवई गायब. कुठं गेली विचारलं की चाचा एकच वाक्य बोलतात, "मालिक बोला था, सब ओके है!"

तेव्हापासून चाचा तोंडी ओके मानत नाहीत. त्यांचा कायदा असा: बर्नर चालू असताना डोळा त्याच्या भोकातून ओढून काढायचा आणि मुठीत गच्च धरायचा. डोळ्याला अंधार झाला की ज्योत आपोआप विझली पाहिजे. आणि हे मालकानं स्वतःच्या हातानं करायचं. मॅनेजरनं नाही, ऑपरेटरनं तर मुळीच नाही. तोवर इंजिनेरसाबनं, म्हणजे मी, पेनाचं टोपण उघडायचं नाही!

या एका मुठीपायी आम्ही किती गिऱ्हाइकं घालवली, ते विचारू नका.

* * *

गावातलीच एक टोस्टची बेकरी. मालकाचा दर दोन दिवसांनी फोन, "साहेब, लाल लाइट लागून राह्यला." आम्ही जायचो, फिल्टर साफ करायचो, सांगायचो की बाप्पा, टाकीतलं डिझेल बदल, खाली पाणी साचलंय. तो मान हलवायचा आणि बदलायचा नाही.

मग फोन बंदच झाले. एक महिना गेला. चाचांना झोप येईना. म्हणाले, "चलो, देखके आते."

मालक खुशीत. "काय सांगू साहेब, एकदम बढिया! महिना झाला, एकदाबी लाल लाइट नाही लागला."

चाचांनी पॅनेल उघडलं. लॉकआउटनंतर पुन्हा चालू करायचं रिसेटचं बटन लाकडाची पाचर खुपसून कायमचं दाबून ठेवलेलं, डोळ्याला बगल देऊन मागची एक वायर दुसरीला जोडलेली, आणि लाल दिव्याच्या जागी नुसतं भोक. दिवाच काढून टाकला होता!

"हे काय?"

"थो लाइट पाह्यला का माझं बीपी वाढे ना! डॉक्टरनं सांगतलं, टेन्शनच्या वस्तूपासून दूर राहा."

चाचांनी चालू बर्नरचा डोळा ओढून काढला. मालकाच्या हातात दिला. "धरा मुठीत."

धरला. ज्योत विझेना. चाचा मोठ्यानं आकडे मोजायला लागले. दहा झाले, वीस झाले, तीस झाले, आत आपलं धडधड जळतंच आहे. मालकाच्या मुठीतून घाम गळायला लागला. शेवटी चाचांनी हातानं डिझेलचा कॉक बंद केला आणि शांतपणे विचारलं, "आता किती हाये बीपी?"

* * *

राळेगाव रोडला एक दालमिल आहे. तिथं ड्रायरला नवा बर्नर बसवला. चालू करायचा मुहूर्त काढलेला, मंडप टाकलेला, पेढे आलेले. मालकाचे सासरे खास नागपूरहून आलेले, पांढरे कपडे घालून खुर्चीत बसलेले. मी सगळं तपासून ठेवलं होतं. सकाळी दोनदा पेटवून पाहिला होता, चाचांनी आपली मूठही करून पाहिली होती; मालकाची मुहूर्तानंतर व्हायची होती.

गुरुजींनी पूजा केली, नारळ फोडला, आणि आम्ही चहा प्यायला बाहेर गेलो तेवढ्यात भट्टीचं दार उघडून एक तुपाचा दिवा आत ठेवून दिला. अग्नीचं स्थान आत, म्हणून दिवा आत! बरोबरच आहे त्यांचं.

मालकानं बटन दाबलं. पंखा फिरला, थांबला, लाल दिवा. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल दिवा. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सासरे तर असे पाहत होते, जणू मुलगी मीच मागितली होती आणि हुंडाही मीच घेतला होता.

गुरुजी म्हणाले, "संकल्पात काही राहिलं असेल." पुन्हा मंत्र झाले, आणि यावेळी दिवे पाच! बर्नर आता पंख्याचीही तसदी घेईना.

चाचांनी खाली वाकून काचेतून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "इंजिनेरसाब, अंदर तो दिवाली है!"

मी समजावून सांगितलं. पेटवायच्या आधी हा डोळा आत अंधार आहे ना, ते पाहतो. मी अजून पेटवलंच नाही, मग हा उजेड कोणाचा, असा त्याला संशय येतो, म्हणून तो चालूच होऊ देत नाही. दिवे काढा, लगेच चालू होईल.

मालक भडकला. "म्हणजे देवाचा दिवा याले चालत नाही? असलं कसलं मशीन देल्लं तुम्ही? काढून टाका तो डोळा!"

चाचा उठले, हात पुसले. "शेठ, एवढ्या मोठ्या मिलमंधी एकच जण डोळे उघडे ठेवून ड्यूटी करून राह्यला, अन् तुम्ही त्यालेच काढून राह्यले!"

सासरे एकदम हसले. मग सगळेच हसले, म्हणून वाचलो. दिवे बाहेर आले, बर्नर पहिल्या झटक्यात पेटला. पेढे मात्र गुरुजींना मिळाले, आम्हाला नाही.

* * *

आता सुरक्षा सप्ताह. एमआयडीसीतला एक कारखाना, नाव जाऊ द्या. बाहेरगावाहून एक साहेब आले, सेफ्टी ऑडिट करायला. बूट चकचकीत, हातात टॅब. त्यांनी वाळूच्या बादल्यांचा लाल रंग तपासला. हेल्मेट मोजली. पिण्याच्या पाण्याच्या माठावर 'पिण्याचे पाणी' असं लिहिलेलं आहे का, तेही पाहिलं. बॉयलर हाऊसच्या दारातून आत डोकावले, "फार गरम आहे बुवा इथं," म्हणाले आणि बाहेरूनच टॅबवर टिक मारली.

मग शपथ. आम्ही त्या दिवशी तिथं मूठ-टेस्टसाठी गेलेलो, तर मॅनेजरनं आम्हालाही रांगेत उभं केलं. 'सुरक्षा हाच आमचा धर्म' असं लिहिलेलं भलंमोठं फ्लेक्स फोटोसाठी बॉयलरच्या पुढं बांधलं. बरोब्बर बर्नरच्या पंख्यासमोर!

शपथ अर्ध्यावर आली आणि पंख्यानं ते फ्लेक्स आत ओढून घेतलं. हवा बंद. आता हवा कमी झाली की बर्नर थांबवणारा एक स्विच असतो. तो मागच्या उन्हाळ्यातच कोणीतरी वायर टाकून मुका करून ठेवला होता. असलं काही शोधायलाच तर आम्ही गेलो होतो. मग काय, चिमणीतून काळा लोट, दारातून काळा लोट, सांध्यासांध्यातून काळा लोट! तोंडातली शपथ तोंडात राहिली आणि सगळे खोकत मैदानात पळाले. चाचांनी तेवढं तेल बंद केलं, नाहीतर शोकसभाच व्हायची.

साहेबांचा शर्ट पाहण्यासारखा झाला होता. तरी ग्रुप फोटो झालाच, काळ्या नाकांनी! संध्याकाळी मॅनेजरनं रजिस्टरमध्ये नोंद केली, ती मी माझ्या डोळ्यांनी वाचलीय: "बर्नर दोन तास बंद. कारण: सुरक्षा."

* * *

आता मारोतीचं सांगतो. हे जरा लांब आहे, आणि यात मी फार चांगला दिसत नाही. पण सांगतोच.

बाभुळगाव रोडला सोयाबीनच्या तेलाची एक मिल आहे. मालकाला सगळे भैय्याजी म्हणतात. एक दिवस भैय्याजींचा फोन. "उद्या विम्यावाले येऊन राह्यले. बर्नरचा टेस्टिंगचा कागद पाहिजे. याजा, चहा घ्याजा, सही करजा."

गेलो. बॉयलर हाऊसमध्ये बर्नरच्या अगदी बाजूला एक स्टूल, आणि स्टुलावर एक माणूस. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल, हातात बॅटरी.

"काय काम करता भाऊ?"

"मी बॅटरीवर आहो."

मला वाटलं, जनरेटरच्या बॅटऱ्या सांभाळत असेल. हजेरीबुकात पाहिलं तर खरोखरच लिहिलेलं: मारोती, बॅटरी.

तेवढ्यात बर्नर चालू व्हायची वेळ झाली. मारोती सावरून बसला. बर्नरचा डोळा त्याच्या जागेवरून काढून, तारेनं एका तेलाच्या डब्याला बांधून ठेवला होता, तोंड मारोतीकडे! पंखा फिरायला लागला, मारोती गप्प. ठिणगीचा कडकड आवाज झाला, तशी त्यानं डोळ्यावर बॅटरी मारली आणि लहान लेकराला विचारावं तसं विचारलं, "दिसते काय?"

पॅनेलवर हिरवा दिवा लागला. "दिसते," मारोती स्वतःच म्हणाला, आणि बॅटरी सुतळीनं डब्याला बांधून टाकली.

मी आणि चाचा एकमेकांकडे पाहतच राहिलो. डोळ्याला वाटतंय ज्योत जळतेय. जळतेय बॅटरी! आत आग आहे, विझली आहे, का तेलाचं तळं साचलंय, कोणालाच पत्ता नाही.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"अकरा मयने झाले. थो डोळा घडीघडी बंद पाडे ना मिल. मंग भैय्याजीनं हे काढलं. साहेब, अकरा मयन्यात एकदाबी सेल संपू नाही देल्ला मी!"

"अन् आतली आग विझली तर?"

मारोती विचारात पडला. "थे मले कसं समजन? मले सांगतलं, तू फक्त डोळ्याकडं पाह्य."

तुम्हाला वाटेल मला राग आला. आला ना, पण लाज त्याहून जास्त वाटली. कारण अकरा महिन्यांपूर्वी याच मिलमधून मला फोन आला होता की डोळा सारखा ट्रिप मारतोय, आणि मी म्हणालो होतो, "बघू पुढच्या महिन्यात." मी पुढच्या महिन्यात गेलो नाही. माझ्या जागी हा माणूस बसला होता.

चाचांनी बर्नर थांबवला, गार होऊ दिला, मग डोळ्याची काच काढून उजेडात धरली. तव्यासारखी काळी! दुसरं काही नव्हतं. डोळा धडधाकट होता, काचेवर काजळी होती, एवढंच. खिशातल्या फडक्यानं पुसायचं काम, त्यासाठी यांनी माणूस ठेवला!

चाचा फडकं काढायला लागले तसा मारोतीनं माझा हात धरला. हळूच म्हणाला, "साहेब, नीट नका करू ना. हे नीट झालं तं मले कायले ठेवतीन? पोरीचं बारावीचं वर्ष आहे."

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? चाचांनी फडकं परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पहले मालिक को बुलाओ."

भैय्याजी आले. "काय झालं? चालू तं आहे ना? मारा सही."

"मारते ना," चाचा म्हणाले. "आपला कायदा मालूम आहे तुम्हाले. मालकाच्या हातानं टेस्ट. मारोती, तू बाहेर जा. भैय्याजी, स्टुलावर बसा, बॅटरी धरा."

भैय्याजींना गंमत वाटली. बसले, बॅटरी धरली. आणि पाहतात तर बॉयलर हाऊस रिकामं! फायरमन गेला, फिटर गेला, झाडूवाली बाई झाडू टाकून गेली. सगळे थेट कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन उभे. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. दारातून फक्त मारोतीचा आवाज आला, काळजीनं भरलेला.

"भैय्याजी, मुंडकं थोडं भिताडाकडं ठेवजा! मागच्या टायमाले भपकन आलतं!"

"मागच्या टायमाले म्हणजे?"

"पोळ्याच्या वक्ताले! माझा टॉवेल जळला नव्हता काय? तुम्ही नवा देल्ला ना!"

भैय्याजी उठले. "एक मिनिट, फोन आला," म्हणाले आणि बाहेर गेले. फोन ऑफिसात चार्जिंगला लावलेला होता.

मग सगळं सरळ झालं. चाचांनी काच पुसली, तेल फवारणारं नोझल बदललं, डोळा जागेवर बसवला. भैय्याजींनी मूठ धरली, ज्योत दोन सेकंदात विझली, आणि ते आम्हाला असं सांगायला लागले, जणू डोळा त्यांनीच शोधून काढला! सही करायच्या आधी मी कागदावर एक ओळ लिहिली: मूठ-टेस्ट रोज सकाळी मारोती करेल, त्याच्याशिवाय बर्नर चालू करू नये. भैय्याजींनी तोंड वाकडं केलं, पण विम्यावाले उद्याच येणार होते. हजेरीबुकात 'बॅटरी' खोडून 'डोळा' लिहिलं गेलं. बॅटरी भैय्याजींनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

* * *

याच्यापुढचा सोयाबीनचा सीझन. दुपारची वेळ, भैय्याजींचा फोन. आवाज एवढा की चाचांना बाजूच्या खुर्चीवर ऐकू आला.

"तुमच्या मारोतीनं माझा डोळा चोरला!"

झालं असं होतं. भैय्याजींनी कुठून तरी भंगार तेल आणलं, काळं, पाणी मिसळलेलं. ज्योत धड जळेना, फडफडायची, विझायची. डोळा इमानदारीनं मिल बंद पाडायचा. मिलच्या दारात सोयाबीनच्या गाड्यांची रांग. भैय्याजींनी ड्रॉवर उघडला, बॅटरी काढली आणि मारोतीला म्हणाले, "बस स्टुलावर."

मारोतीनं डोळा काढला. डब्याला बांधला नाही, खिशात टाकला. सायकल काढली आणि घरी गेला.

"दुसरा डोळा घेऊन या आत्ताच्या आत्ता!" भैय्याजी ओरडत होते.

चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला. "स्टॉकमें नही है भैय्याजी. मुंबईसे आना पडता." त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत तीन डोळे होते, मी मोजले.

शेवटी भैय्याजी आम्हाला गाडीत घालून मारोतीच्या गावाला निघाले, बॅटरी पुढच्या सीटवर तशीच पडलेली. रस्ताभर एकच, "पोलिसात देतो त्याले, कामावरून काढतो त्याले." मी म्हटलं, आधी काय करणार, काढणार का पोलिसात देणार, ते ठरवा. तर माझ्यावरच घसरले.

मारोती घरीच होता. टिनाचं छप्पर, दारात वाळत घातलेलं सोयाबीन, आत भर दुपारी अंधार. पोरगी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली, आम्हाला पाहून उभी राहिली. मारोतीनं बाजेवर जागा केली, पाणी दिलं. भैय्याजी बसले नाहीत.

"डोळा दे."

मारोतीनं खिशातून स्वच्छ रुमाल काढला, घडी उलगडली. आत डोळा होता, काच पुसलेली. त्यानं तो हातातच ठेवला.

"देतो ना भैय्याजी. पह्यले बॅटरी द्या."

"बॅटरी तुले कायले पाहिजे?"

"तुमच्यापाशी राह्यली तं तुम्ही उद्या दुसऱ्याले बसवान."

पोरगी बापाकडे पाहत होती. तिला कळत होतं की दारात उभा आहे तो मालक आहे. मला वाटलं, आता नोकरी गेली याची. भैय्याजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाहेर त्यांचा फोन दुसऱ्यांदा वाजून बंद पडला, गाड्यावाले थांबले होते. चाचा दाराच्या चौकटीला टेकून आपली गेलेली भुवई खाजवत उभे.

भैय्याजी गाडीकडे गेले. परत आले तेव्हा हातात बॅटरी होती. ती मारोतीपुढं केली.

मारोतीनं बॅटरी घेतली. बटन दाबून पाहिलं, पेटली. मग त्यानं ती सरळ भैय्याजींच्या तोंडावर धरली आणि विचारलं, "दिसते काय?"